घंटेवरचं साल आणि फलकावरचं वाक्य

कासारवाडीच्या नाशिक फाट्यावरून निघालं की भोसरी, मोशी, चाकण, राजगुरुनगर अशी गावं लागतात. राजगुरुनगर किंवा मंचरहून पश्चिमेला वळलं की भीमाशंकर. न वळता सरळ गेलं तर नाशिक, आणि तिथे गोदाकाठी नारोशंकराचं देऊळ. या एका रस्त्याच्या दोन टोकांना, दोन शिवमंदिरांत, चर्चमधून आलेल्या घंटा आहेत. अशीच एक पुणे-सातारा रस्त्याजवळ नसरापूरच्या बनेश्वरला आहे आणि एक वाईजवळ मेणवलीच्या घाटावर.

सहलीला जाणाऱ्याला एवढी माहिती पुरते. पण तुम्ही संशोधनाची तयारी करताय, त्यामुळे एक पाऊल पुढे जाऊ.

या घंटांबद्दल एक वाक्य सगळीकडे ऐकू येतं: ‘चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि तिथल्या चर्चची घंटा या देवाला अर्पण केली.’ मीही माझ्या एका कच्च्या मसुद्यात बनेश्वरबद्दल हेच वाक्य जसंच्या तसं लिहिलं होतं. मार्गदर्शकांनी समासात दोनच शब्द लिहिले: ‘सालं मांडा.’ मांडली आणि खजील झालो.

तुम्हीही मांडून बघा. प्रत्येक घंटेसाठी तीन सालं लागतात: घंटा ओतली कधी, फिरंगाणातून आली कधी आणि आज ज्या देवळात आहे ते बांधलं कधी.

बनेश्वरच्या घंटेवर १६८३ हे साल आहे. वसई मराठ्यांनी घेतली मे १७३९ मध्ये. बनेश्वरचं देऊळ नानासाहेब पेशव्यांनी बांधलं १७४९ मध्ये. आणि चिमाजी अप्पा वारले डिसेंबर १७४० मध्ये! म्हणजे देऊळ उभं राहिलं तेव्हा अप्पांना जाऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. तिथे त्यांनी स्वतः घंटा वाहिली असेल कशी?

नाशिकच्या घंटेवर १७२१ आहे आणि नारोशंकरांचं देऊळ १७४७ चं. इथेही तोच पेच. मेणवलीचा तर याहून मोठा. तिथल्या घंटेवर बाळ येशूला घेतलेल्या मरियेची आकृती आणि १७०७ हे साल आहे. पण मेणवलीचा वाडा, घाट, देवळं हे सगळं नाना फडणविसांचं, १७६८ नंतरचं. नानांचा जन्मच १७४२ चा, चिमाजी अप्पांच्या मृत्यूनंतरचा. भीमाशंकरचं स्थान मात्र वसईच्या मोहिमेपेक्षा कितीतरी जुनं, त्यामुळे तिथे ही अडचण येत नाही.

मग परंपरा खोटी म्हणायची का? इथे नवीन संशोधक हमखास घसरतो. पुराव्यावरून फक्त एवढंच म्हणता येतं की ‘अप्पांनी या देवळाला वाहिली’ हा भाग बनेश्वर, नाशिक आणि मेणवलीला टिकत नाही. ‘घंटा वसईच्या मोहिमेत आली’ हा भाग अजून शाबूत आहे. मात्र तोही सिद्ध झालेला नाही. घंटेवर १७४५ असतं तर वसईची गोष्ट तिथेच संपली असती. १६८३ आहे, म्हणून ती शक्य आहे, इतकंच. शक्य आणि सिद्ध यांतलं अंतर भरून काढणं हेच आपलं काम.

‘वसई’ या शब्दाकडेही नीट बघा. मोहीम फक्त किल्ल्याची नव्हती. ठाणे आणि साष्टी १७३७ मध्येच हाती आली होती. मग माहीम, तारापूर पडलं आणि १७४० च्या तहात चौलही मिळालं. या सगळ्या पट्ट्यात गावोगावी चर्च होती. त्यामुळे ‘वसईची घंटा’ म्हणजे किल्ल्यातलीच घंटा असं धरून चालू नका. ती एखाद्या लहान गावाचीही असू शकते.

आता आपल्या कासारवाडीच्या नावातला ‘कासार’ घ्या. हा शब्द संस्कृत ‘कांस्यकार’ वरून आला, म्हणजे काशाचं काम करणारा. घंटाही काशाचीच: साधारण चार भाग तांबं, एक भाग कथील. तोफेच्या धातूत कथील कमी असतं, पण घंटा वितळवून, तांबं वाढवून तोफ ओतता येते. नार्वाच्या १७०० च्या पराभवानंतर रशियाच्या पीटर झारनं आपल्याच देशातल्या चर्चच्या घंटा घेऊन हे केलं होतं. आपल्याकडे या घंटा मात्र न वितळता देवळांत टांगल्या गेल्या, मरियेची आकृती आणि क्रूस न घासता. का? विजयाची खूण म्हणून, की चांगल्या नादाची घंटा कुठल्याही देवाला चालते म्हणून? मला हा प्रश्न ‘कुणी वाहिली’ पेक्षा मोलाचा वाटतो.

आणि या घंटा जिथून आल्या ती माणसं? वसईच्या किल्ल्यातलं सेंट जोसेफ आज छपराविना उभं आहे. पण रमेदी, पापडी, सांडोर, निर्मळ, नंदाखाल या गावांतली चर्च आजही भरलेली असतात आणि तिथली मंडळी घरी आपापली मराठी बोली बोलतात. बाप्तिस्म्याला आणि मयताला वाजणारी घंटा गेली तेव्हा त्यांच्या पूर्वजांना काय वाटलं असेल? ‘अर्पण’ या शब्दात ही बाजू येतच नाही. म्हणून देवळं बघायला निघालात तर ही गावंही फेरीत घ्या.

शेवटी गृहपाठ. भीमाशंकरच्या घंटेवरचं साल मी मुद्दाम देत नाही. स्वतः जा, वाचा, फोटो काढा. अक्षरं, क्रूस, आकृती सगळं टिपा. पुस्तकात किंवा फलकावर वेगळं साल दिसलं तर दोन्ही लिहून ठेवा. मग कागदपत्रं: पुणे पुराभिलेखागारातलं पेशवे दप्तर आणि पणजीच्या पुराभिलेखागारातली पोर्तुगीज दप्तरं. पहिल्यासाठी मोडी लागेल, दुसऱ्यासाठी पोर्तुगीज. दोन्ही एकदम नको, एक आज सुरू करा.

बनेश्वरची घंटा १७३९ ते १७४९ ही दहा वर्षं कुठे होती? पेशव्यांच्या कोठीत, दुसऱ्या एखाद्या देवळात, की ती मोहिमेत आलीच नव्हती? या एका प्रश्नावर चांगला शोधनिबंध उभा राहू शकतो. सहलीची यादी आणि संशोधनाचा विषय यांत फरक आहे तो हाच.