दोनशे वर्षांचं मृत्युपत्र

मृत्युपत्र हा काही आनंदाने वाचायचा साहित्यप्रकार नव्हे. "मी, अमुक अमुक, पूर्ण शुद्धीत" अशी सुरुवात, मग सदनिका, दागिने, मुदतठेवी, आणि शेवटी दोन साक्षीदारांच्या सह्या. पण मी ज्या फिलाडेल्फियाच्या परिसरात गेली बरीच वर्षं राहतोय, तिथल्या एका म्हाताऱ्याने असं एक मृत्युपत्र करून ठेवलं की त्याचा हिशोब पुरा व्हायला १९९० साल उजाडावं लागलं. म्हातारा गेला होता १७९० साली!

हा म्हातारा म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन. शंभर डॉलरच्या नोटेवर ज्याचं चित्र आहे तो. आपल्याकडे त्याची ओळख पतंग उडवून वीज पकडणारा शास्त्रज्ञ एवढीच असते, शाळेच्या पुस्तकाची कृपा. पण १७८८ साली मृत्युपत्र करताना आपल्या नावापुढे त्याने पहिला शब्द लिहिला तो 'मुद्रक'. फ्रान्समधला राजदूत, पेनसिल्व्हेनियाचा अध्यक्ष ही बिरुदं त्यानंतर. बॉस्टनमधल्या साबण-मेणबत्त्या करणाऱ्याचा हा मुलगा. बाराव्या वर्षी थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारीला लागला आणि सतराव्या वर्षी तिथून पळून फिलाडेल्फियाला आला. ही गोष्ट तो शेवटपर्यंत विसरला नाही, आणि पुढची सगळी कथा त्यातूनच घडली.

म्हातारपण त्याला सोपं गेलं नाही. संधिवाताने पाय धरले होते, मूत्राशयात खडा होता. १७८७ साली अमेरिकेची राज्यघटना तयार होत होती तेव्हा हा ८१ वर्षांचा, सभासदांत सगळ्यात वयस्कर. गाडीचे हिसके सोसत नाहीत म्हणून खुर्चीच्या पालखीत बसून सभेला यायचा. पण अंगातला कारागीर काही स्वस्थ बसत नव्हता. जवळचं आणि लांबचं दोन्ही दिसावं म्हणून दुहेरी भिंगांचा चष्मा केला. उंच फळीवरची पुस्तकं शिडीवर न चढता काढता यावीत म्हणून लांब काठीला चिमटा बसवला. वय झालं की आपण कुरकुरतो, हा गृहस्थ अवजार बनवायचा.

तर हे मृत्युपत्र. जून १७८९ मध्ये त्याने आधीच्या मृत्युपत्राला एक पुरवणी जोडली. लोकशाहीत सार्वजनिक पदावरच्या माणसाने पगार घेऊ नये असं त्याचं मत. त्यामुळे पेनसिल्व्हेनियाचा अध्यक्ष म्हणून मिळालेला पगार त्याने बाजूला काढला आणि त्यातून बॉस्टन व फिलाडेल्फिया या दोन शहरांना प्रत्येकी १,००० पौंड दिले. एक जन्माचं गाव, दुसरं कर्माचं. अट अशी की हे पैसे खर्च करायचे नाहीत. उमेदवारी पुरी केलेल्या, पंचविशीच्या आतल्या, लग्न झालेल्या तरुण कारागिरांना धंदा थाटायला कर्जाऊ द्यायचे. व्याज पाच टक्के, फेड दहा वर्षांत, जामीन दोन. कारणही त्याने लिहून ठेवलंय. तरुणपणी स्वतःचा छापखाना काढताना दोन मित्रांनी कर्ज दिलं, त्या पायावर आपलं आयुष्य उभं राहिलं, तेच इतरांसाठी करावं आणि जमल्यास मेल्यावरही थोडं उपयोगी पडावं.

इथपर्यंत ठीक. गंमत पुढे आहे. शंभर वर्षं हे व्याजाचं चक्र फिरलं की प्रत्येक शहराकडे १,३१,००० पौंड होतील असा त्याचा हिशोब. त्यातले एक लाख सार्वजनिक कामांवर खर्चायचे आणि उरलेले ३१,००० पुन्हा शंभर वर्षं फिरवायचे. मग दोनशे वर्षांनी होतील ४०,६१,००० पौंड. त्यापुढे मात्र शहर आणि राज्य यांनी ते वाटून घ्यावेत.

इंजिनियरच्या खोडीप्रमाणे मी आकडे तपासून पाहिले. पाच टक्के चक्रवाढीने शंभर वर्षांत रक्कम १३१ पट होते, बरोबर. ३१ गुणिले १३१ म्हणजे ४,०६१, तेही बरोबर. आपल्या धर्मशास्त्राने 'दामदुप्पट' ठरवून व्याजाला मुद्दलाच्या वर चढू दिलं नाही. कारण चक्रवाढ व्याज ऋणकोला कसं पिळतं हे आपल्या पूर्वजांनी पाहिलं होतं. फ्रँकलिनने तेच चक्र उलटं, समाजाच्या बाजूने फिरवायचं ठरवलं. मूळ कल्पना फ्रान्सच्या माथों द ला कूर यांची. त्यांनी फ्रँकलिनच्या 'पुअर रिचर्ड' या पात्राची थट्टा करत, पाचशे वर्षं व्याज साठवणाऱ्या एका माणसाचं काल्पनिक मृत्युपत्र लिहिलं होतं. फ्रँकलिनने रागावायच्या ऐवजी थट्टा खरी करून दाखवली!

प्रत्यक्षात काय झालं? पहिला फटका बसला तो उमेदवारीच्या पद्धतीलाच. कारखाने आले, उस्तादाच्या हाताखाली सात वर्षं राबून स्वतःचं दुकान काढणारा तरुण दिसेनासा झाला. म्हणजे पैसे आहेत, पण मृत्युपत्रात सांगितलेला कर्जदारच नाही. काही कर्जं बुडली, काहींची वसुली जामिनांकडून करावी लागली. शंभर वर्षांनी फिलाडेल्फियाने विसाहिकन ओढ्याचं पाणी नळाने शहरात आणावं असंही त्याने सुचवलं होतं. शहराने नदीचं पाणी नळाने आणायला १८०१ सालीच सुरुवात केली. म्हातारा द्रष्टा खरा, पण काळ त्याच्याहून घाईत होता.

पहिली शंभर वर्षं संपली तेव्हा बॉस्टनच्या खात्यात सुमारे ३,९०,००० डॉलर होते आणि फिलाडेल्फियाच्या खात्यात ९०,००० च्या आसपास. सुरुवातीची रक्कम सारखी, अटी सारख्या. फरक सांभाळणाऱ्या हातांचा. बॉस्टनचे खजिनदार विल्यम मायनॉट यांनी कर्जदार मिळेनासे झाले तेव्हा पैसा एका विमा कंपनीत गुंतवून वाढता ठेवला. मी उलटा हिशोब केला तर बॉस्टनचा दर पडतो साधारण साडेचार टक्के, फिलाडेल्फियाचा तीन. दीड टक्क्याचा फरक, पण शंभर वर्षांत चौपटीहून जास्त अंतर. फ्रँकलिनच्या काही वंशजांनी हे पैसे आपल्याला मिळावेत म्हणून दावाही लावला. ते हरले. माणूस मेल्यावर भाऊबंदकी सुरू होते हे फक्त आपल्या कोकणातच घडतं असं नाही.

१९९० च्या सुमारास दुसरी शंभरी भरली तेव्हा बॉस्टनकडे जवळपास ५० लाख डॉलर होते आणि फिलाडेल्फियाकडे २० लाखांच्या आसपास. फिलाडेल्फियात एक मोठा उत्सव करून पैसे खर्चावेत अशी सूचना आधी पुढे आली, पण अखेर हातांचं कौशल्य शिकणाऱ्या मुलांच्या शिष्यवृत्त्यांकडे ते वळले. बॉस्टनमध्ये पहिल्या शतकाच्या पैशातून, अँड्र्यू कार्नेगीने तेवढीच भर घातल्यावर, १९०८ साली तंत्रशिक्षणाची एक शाळा उघडली होती. ती आजही चालते.

आता हे सगळं तुम्हाला का सांगतोय? परदेशात माझ्या पिढीची जी मंडळी आली त्यांची पन्नाशी, साठी उलटलीय. परवा आम्हा नवरा-बायकोला वकिलाने मृत्युपत्राचा मसुदा दिला. त्यात एक रकाना असतो: तुम्ही नसाल तर मुलं, आणि मुलंही नसतील तर कोण? त्या रकान्यापाशी आम्ही दोघंही थांबलो. मुलं इथली. गावाकडचं घर, वडिलांची पुस्तकं, आईने जपलेल्या वह्या यातलं त्यांना काय हवं असेल, हे त्यांना अजून विचारलेलंही नव्हतं. तो रकाना भरायला आम्हाला तीन आठवडे लागले.

त्या तीन आठवड्यांत फ्रँकलिनचा हिशोब माझ्या डोक्यात फिरत होता. त्याची गणितं चोख होती, पण दोनशे वर्षांनी जे उरलं ते गणितामुळे नाही. ते उरलं कारण त्याला कधीही न पाहिलेल्या माणसांनी, त्याची अट अशक्य झाल्यावर, तिच्यातला हेतू ओळखला. कर्ज घेणारा कारागीर नाहीसा झाला तेव्हा त्यांनी कारागिराची शाळा काढली. आपल्याकडचं उदाहरण घ्या. नाना शंकरशेट १८६५ साली गेले आणि त्यांच्या नावाची संस्कृतची शिष्यवृत्ती पुढच्या वर्षी सुरू झाली. तिच्यामागे त्यांचा मुलगा उभा राहिला, पण ती घराघरांत पोचली ती दरवर्षी पाठांतर करणाऱ्या परक्यांच्या पोरांमुळे.

याची दुसरी बाजूही आहे. ज्या फ्रँकलिनने परक्यांच्या पोरांना दोनशे वर्षं पुढचा विचार करून पैसे दिले, त्याने स्वतःच्या मुलाला, विल्यमला, जवळजवळ काहीच ठेवलं नाही. क्रांतीत विल्यम इंग्रजांच्या बाजूने राहिला, आणि बापाने ते कधी माफ केलं नाही. दूरच्यांशी उदार आणि जवळच्याशी कठोर असं होऊ शकतं, अगदी मोठ्या माणसाचंही. त्याच हाताने मात्र, मरणाच्या अवघे दोन-अडीच महिने आधी, गुलामगिरी बंद करा अशा काँग्रेसकडच्या अर्जावर त्याने सही केली. एके काळी त्याच्या घरात गुलाम होते. ८४ व्या वर्षीही माणूस आपल्या खात्यात दुरुस्ती करू शकतो, हे मला त्याच्या व्याजापेक्षा मोठं वाटतं.

असो. आमच्या मसुद्यात शेवटी दोनशे वर्षांच्या अटी नाहीत. थोडी रक्कम गावच्या शाळेसाठी ठेवली आहे, आणि पुढे मास्तरांना गरज वाटेल तसा तिचा उपयोग करावा, एवढंच लिहिलंय. वकिलाला हे फार मोघम वाटलं. मी म्हटलं, राहू दे. आणि सही करण्याआधी दोन्ही मुलांना फोन करून विचारलं, की वडिलांच्या पुस्तकांतलं तुम्हाला काय हवंय. धाकटीने लगेच सांगितलं, आजोबांनी समासात पेन्सिलीने लिहिलेलं असेल ती सगळी.