भांग, गांजा व चरस
भांग, गांजा व चरस : कॅनाबिस सटिव्हा या एकाच वनस्पतीपासून मिळणारे तीन मादक पदार्थ. पानांपासून भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्यापासून गांजा व राळेपासून चरस तयार होतो. बंगालमध्ये गांजाची लागवड मुख्यत्वे नवगाव (राजशाही) भागात होई. बी धरल्यास राळ कमी येते, म्हणून तेथे नर झाडे वेळीच उपटून टाकीत. चरस यार्कंदहून पंजाबात येई. ब्रिटिश संसदेत प्रश्न उपस्थित झाल्यावर १८९३ मध्ये नेमलेल्या आयोगाने हजारांवर साक्षी नोंदविल्या. बेताच्या सेवनाने सहसा अपाय होत नाही, सरसकट बंदी घातल्यास लोक अधिक घातक पदार्थांकडे वळतील, असे त्याचे मत पडले (१८९४). भांगेपेक्षा गांजा-चरसावरच कडक नियंत्रण व कर असावा, ही शिफारस त्यातून आली. पुढे १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानेही सुट्या पानांना व्याख्येतून वगळले. १९४० मध्ये रॉजर ॲडम्स यांनी कॅनाबिडिओल (सीबीडी) वेगळे केले. नशा आणणारा प्रमुख घटक टीएचसी असून तो १९६४ मध्ये शुद्ध स्वरूपात मिळाला. सीबीडीने तशी नशा येत नाही. भारताच्या १९८५ च्या कायद्याने गांजा-चरसाची व्याख्या मात्र या घटकांवरून न करता वनस्पतीच्या भागांवरूनच केली. भांगेचा प्रश्न राज्यांकडे राहिला.