पोल्यांच्या चार पायऱ्या

जॉर्ज पोल्या यांचे 'हाऊ टू सॉल्व्ह इट' हे पुस्तक १९४५ साली प्रसिद्ध झाले. उदाहरण समजून घ्या, बेत आखा, तो अमलात आणा, मागे वळून पाहा, या त्यातील चार पायऱ्या अनेक शिक्षकांना पाठ असतात. (पाठ असणे हीच अडचण!) १९७०च्या दशकात अ‍ॅलन शोनफेल्ड या तरुण अमेरिकी गणितज्ञाने ते वाचले. आपण असाच तर विचार करतो, असे त्यांना वाटले. पण स्पर्धांसाठी विद्यार्थी तयार करणारे म्हणत, की याचा वर्गात उपयोग होत नाही.

असे का व्हावे? 'आधी सोपे उदाहरण घ्या' ही एकच युक्ती वाटते, पण तिच्या पोटात अनेक आहेत. विषम संख्यांच्या बेरजेसाठी पहिली एक, दोन, तीन, चार पदे घेतली, की १, ४, ९, १६ या वर्गसंख्या दिसतात. बहुपदीच्या मुळांविषयी प्रश्न असेल, तर मात्र सहज अवयव पडणारी बहुपदी निवडावी लागते. हे वेगवेगळे शिकवावे लागते.

शोनफेल्ड यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या चित्रफितीही तपासल्या. पुष्कळ जण प्रश्न वाचून लगेच एक वाट धरत आणि वीस मिनिटे तीच तुडवत. लागणारे गणित त्यांना येत असे! म्हणून वर्गात ते गटागटांत फिरून विचारीत : नेमके काय करता आहात? कशासाठी? त्यातून पुढे काय साधेल? आरंभी मुले गप्प बसत. पुढे, प्रश्न येणारच म्हणून, ती आपसांतच उत्तरे ठरवू लागली.