इंदूरचा खड्डा आणि शाळेचे शेत

१९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे आपले निवेदन सादर केले. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची त्यातील मागणी सर्वश्रुत आहे आणि ती योग्यच रीतीने वारंवार स्मरली जाते. त्याच निवेदनातील एक छोटासा परिच्छेद मात्र मागे राहून गेला. खेड्यातील शाळांत वाचन, मोडी आणि बाळबोध लेखन, हिशेब, इतिहास व भूगोल यांच्या जोडीला शेतीचे प्राथमिक ज्ञान द्यावे. आणि या पाठांसाठी शाळेला लहानसे नमुना शेत जोडावे, ते नीट चालवले तर देशाचे मोठे कल्याण होईल, असे जोतीरावांनी त्यात सुचवले होते. भारतातील शालेय कृषिशिक्षणाच्या इतिहासाचा आरंभ कोठे धरावा याविषयी मतभेद संभवतात. परंतु ‘शाळेचे शेत’ ही कल्पना इतक्या स्पष्टपणे सरकारपुढे मांडणाऱ्या आरंभीच्या आवाजांत एका मराठी शिक्षकाचा आवाज होता, हे निर्विवाद आहे.

पुढच्याच वर्षी त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ पूर्ण केला. डोंगरावरून पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जाणारी सुपीक माती, ती अडवण्यासाठी घालावयाचे बांध, तळ्यांतील गाळ काढणे यांविषयी त्यांनी तेथे तपशिलाने लिहिले. ‘पर्यावरण’ हा शब्द तेव्हा प्रचारात नव्हता. परंतु शेतकऱ्याचे दारिद्र्य, त्याच्या मुलाचे अज्ञान आणि त्याच्या शेतातली माती हे तीन स्वतंत्र विषय नाहीत, ही जाणीव त्या लेखनात पुरेपूर आहे. तीच जाणीव कसोटी म्हणून हाती घेतली, तर पुढच्या जवळजवळ दीड शतकाचा प्रवास नीट उलगडतो.

यानंतर थोड्याच वर्षांत डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर हे रसायनशास्त्रज्ञ सरकारी नेमणुकीने हिंदुस्थानभर फिरले. १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालाने त्या काळच्या एका लाडक्या समजुतीला धक्का दिला. हिंदी शेतकरी अडाणी आहे म्हणून पिके कमी येतात, हे त्यांनी मान्य केले नाही. त्याची मशागत अनेक ठिकाणी उत्कृष्ट असल्याची ग्वाही त्यांनी दिली आणि अडचणीचे मूळ अन्यत्र दाखवले. सरपण मिळत नाही म्हणून शेणाच्या गोवऱ्या होतात. गोवऱ्या चुलीत जातात म्हणून शेताला खत मिळत नाही. खताचा प्रश्न सोडवावयाचा तर आधी जळणाचा सोडवला पाहिजे, सरपणासाठी वने राखली पाहिजेत. चूल, गोठा, वन आणि शेत यांची ही साखळी म्हणजे पर्यावरणविज्ञानाचा पहिला धडाच होय. तो पाठ्यपुस्तकात येण्यास मात्र पुष्कळ काळ जावा लागला.

ही साखळी प्रयोगाने उलगडण्याचे काम पुढे माळव्यात झाले. अल्बर्ट हॉवर्ड हे वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ मध्ये बिहारमधील पुसा येथील संशोधन संस्थेत आले. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल याही त्याच शास्त्रातील विदुषी होत्या. उभयतांनी पुसा आणि क्वेट्टा येथे वर्षानुवर्षे काम केले आणि पिकाच्या मुळांना पाण्याइतकीच हवेचीही गरज असते, जमीन श्वास घेऊ शकली नाही तर पीक दुबळे होते, हा मुद्दा आग्रहाने मांडला. १९२४ मध्ये इंदूर येथे ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ ही संस्था उभी राहिली. जमीन होळकर दरबाराची होती आणि पैसा मुख्यतः कापूस समितीचा व मध्य हिंदुस्थानातील संस्थानांचा. कापसासाठी स्थापन झालेल्या या संस्थेचे नाव जगभर झाले ते मात्र कंपोस्ट खतामुळे.

‘इंदूर पद्धती’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रीतीत नवे यंत्र किंवा विकतचे द्रव्य काहीच नव्हते. शेतातला काडीकचरा, पऱ्हाट्या, तुराट्या, पालापाचोळा, शेण, गोमूत्र मुरलेली गोठ्यातील माती आणि लाकडाची राख एवढेच साहित्य. पऱ्हाट्यांसारख्या कठीण काड्या शेतातील रस्त्यावर पसरावयाच्या, म्हणजे गाड्यांच्या चाकांखाली त्या आपोआप चिरडल्या जातात. मग हे सर्व उथळ खड्ड्यात थरांवर थर रचून भिजवावयाचे आणि ठरावीक अंतराने तीन वेळा परतावयाचे. सुमारे तीन महिन्यांत काळेभोर, भुसभुशीत, दुर्गंधी नसलेले खत तयार होते. कुजण्याच्या भरात ढिगाची उष्णता वाढते, जंतू काडीतील कर्ब वापरून टाकतात आणि आरंभी नत्राच्या तीस-पस्तीस पट असणारा कर्ब अखेरीस सुमारे दसपटीवर येतो. हवा कोंडली तर ढीग कुजण्याऐवजी सडतो. पाणी कमी पडले तर काम थांबते. गावोगावच्या उकिरड्यात हेच सर्व पदार्थ पडलेले होते. उणीव होती ती प्रमाणाची, परतणीची आणि त्यामागील कारणांच्या ज्ञानाची.

ही पद्धत जगापुढे आली ती १९३१ मध्ये ऑक्सफर्डच्या मुद्रणालयाने प्रसिद्ध केलेल्या ‘द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर’ या ग्रंथाने. त्याच्या मुखपृष्ठावर हॉवर्ड यांच्या जोडीने दुसरे नाव आहे ते यशवंत वाड यांचे. ते संस्थेत कृषिरसायनाचे काम पाहत. सेंद्रिय शेतीच्या जागतिक इतिहासात हॉवर्ड यांचे नाव आदराने घेतले जाते; वाड यांचे क्वचितच. या पद्धतीचे रासायनिक अंग ज्यांनी सांभाळले, त्या सहलेखकाची आठवण निदान मराठी वाचकाने तरी ठेवावयास हवी. स्वतः हॉवर्ड यांनी ऋण मान्य करताना हात आखडता घेतला नव्हता. पूर्वेकडील शेतकऱ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आणि शेतातील किडींच्या निरीक्षणातून आपण शिकलो, असे ते सांगत. संशोधकाने शेतकऱ्याचे शिष्यत्व पत्करावे ही भूमिका शाळेच्या दृष्टीने महत्त्वाची होती. कारण त्यायोगे शेतकऱ्याच्या मुलाला घरचे ज्ञान लपवण्याचे कारण उरत नव्हते.

याच सुमारास, शाळेत शेती शिकवावी तरी कशी, यावर सरकारी पातळीवरही खल चालला होता. १९२६ ते १९२८ या काळात काम केलेल्या शाही कृषी आयोगापुढे दोन नमुने होते. एक मुंबई इलाख्यातील पुणे जिल्ह्याच्या लोणी येथील शाळेचा. तेथे शेतकऱ्यांच्या मुलांसाठी स्वतंत्र कृषिशाळा होती. दुसरा पंजाबचा. तेथे सर्वसामान्य शाळेतच इतर विषयांबरोबर शेती हा एक विषय असे आणि त्यासाठी शाळेला शेत किंवा बाग जोडलेली असे. आयोगाने पंजाबच्या नमुन्याला पसंती दिली. या निवडीत एक तत्त्व दडलेले आहे. शेती ही केवळ शेतकऱ्याच्या मुलाने शिकावयाची गोष्ट, की प्रत्येक सुशिक्षिताच्या सामान्य ज्ञानाचा भाग? हा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि अद्याप तो मिटलेला नाही.

एप्रिल १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी गांधीजी इंदूरला आले असता त्यांनी या संस्थेला भेट देऊन खताची पद्धत पाहिली. त्या वर्षी ‘हरिजन’मधूनही या पद्धतीचा प्रचार झाला. दोनच वर्षांनी, ऑक्टोबर १९३७ मध्ये, वर्धा येथे शिक्षण परिषद भरली. तेथून नेमलेल्या डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीत विनोबा भावे आणि काका कालेलकर हे मराठी भूमीचे दोन पुत्रही होते. या समितीने ‘नयी तालीम’चा आराखडा तयार केला. मूलोद्योगांत कताई-विणकाम, सुतारकाम यांच्याबरोबर शेती आणि फळभाज्यांची बागायत होती. आणि सामान्य विज्ञानात निसर्गाभ्यास, वनस्पतिशास्त्र, रसायन यांचा समावेश होता. कल्पना अशी की हात ज्यात गुंतले आहेत, त्यातूनच बुद्धीला प्रश्न पडावेत. खत करताना रसायन, वाफे आखताना भूमिती, बाजारभाव मांडताना गणित.

प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी यातील अर्धाच भाग उतरला. हातांना काम मिळाले. प्रश्न मिळाले नाहीत. शेतीचा तास म्हणजे कुदळ-फावडे, झाडांना पाणी आणि प्रसंगी शिक्षा, असे रूप त्याला आले. पालकांचा विरोध समजण्याजोगा होता. ज्यांच्या पिढ्या मातीत राबल्या, त्यांनी मुलाला शाळेत पाठवले ते त्या राबण्यातून सुटका व्हावी म्हणून. शाळेने त्याच्या हाती पुन्हा फावडेच द्यावे, आणि शहरातल्या मुलाच्या हाती परीक्षानळी, हा भेद त्यांना बोचला. त्यांच्या अपेक्षेला आळस किंवा खोटी प्रतिष्ठा म्हणणे अन्यायाचे होईल. पुढे कोठारी आयोगाने (१९६४–६६) ‘कार्यानुभव’ सुचवला. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ आणले. नावे बदलली. परंतु विज्ञान एका तासाला आणि श्रम दुसऱ्या तासाला, ही फारकत बऱ्याच अंशी कायम राहिली.

ही फारकत मिटवण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांपैकी एक नर्मदाकाठचा आहे. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातील १६ सरकारी शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. तो पुढे जिल्हाभर पसरला आणि २००२ पर्यंत चालला. मुले परिसरातली माती, पाने, किडे गोळा करीत, स्वतः प्रयोग करीत आणि निष्कर्ष स्वतः लिहीत. त्याच दशकात या जिल्ह्यात तवा धरणाच्या कालव्यांचे पाणी आले आणि काळ्या, चिकण जमिनीत पाणी साचून शेते बिघडू लागली. त्यातून तेथे ‘मिट्टी बचाओ’ अभियान उभे राहिले. मुळांना हवा लागते हे हॉवर्ड दांपत्याचे जुने सूत्र येथे ऐन शेतात अनुभवास येत होते. मातीतून पाणी किती वेगाने झिरपते, हा शाळेतला साधा प्रयोग अशा गावात नुसता पाठ राहत नाही; तो घरच्या कर्जाचे आणि अन्नाचे कारण समजावून सांगतो.

दुसरा प्रयत्न हिमालयातला. १९८७ पासून अल्मोड्याच्या ‘उत्तराखंड सेवा निधी’ने पहाडी जिल्ह्यांतील शाळांसाठी पर्यावरणशिक्षणाचा अभ्यासक्रम विकसित केला. पंतनगर कृषी विद्यापीठातील संशोधकाचाही त्यात वाटा होता. गावात जळण किती लागते, जनावरांना चारा किती, शेताला शेणखत किती, आणि गावचे वन हे सारे पुरवू शकते काय, याचा हिशेब मुलांनी मोजून मांडावयाचा. व्होल्करने १८९३ मध्ये अहवालात मांडलेली साखळी येथे शाळकरी मुलांच्या वहीत उतरली. राज्यनिर्मितीनंतर हा विषय तेथील उच्च प्राथमिक वर्गांत नियमितपणे आला.

देशपातळीवर १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणशिक्षण सक्तीचे करण्याचा निर्देश दिला आणि डिसेंबर २००३ मध्ये त्याची अंमलबजावणी दृढ केली. त्यामुळे प्रत्येक मुलाच्या दप्तरात पर्यावरणाचे पुस्तक आले, हा मोठाच लाभ. पण त्या पुस्तकात वाघ, ओझोन आणि प्लास्टिक यांना मिळालेली जागा शेतातील मातीला क्वचितच मिळाली. वास्तविक रोजचे अन्न हाच पर्यावरणाशी माणसाचा सर्वांत जुना आणि सर्वांत नित्याचा संबंध.

२०१५ पासून शेतकऱ्यांना ‘मृदा आरोग्य पत्रिका’ मिळू लागली. तिच्यात सामू, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन अशा १२ बाबींची नोंद असते. अनेक घरांत ती कपाटात पडून राहते, कारण ती वाचणारे कोणी नसते. अलीकडे केंद्रीय आणि नवोदय विद्यालयांपासून आरंभ करून शाळांतच माती परीक्षणाच्या छोट्या प्रयोगशाळा उभारण्याचा कार्यक्रम सुरू झाला आहे. आठवी-नववीचा विद्यार्थी आजोबांची पत्रिका वाचून ‘युरिया कमी चालेल, शेणखत वाढवायला हवे’ असे कारणासह सांगू लागला, तर जोतीरावांच्या नमुना शेताचा हेतू उशिरा का होईना, सफल होईल.

संशोधन संस्थांकडे उपकरणे आहेत, तज्ज्ञ आहेत. शाळेकडे आहे तो काळ. मातीतील सेंद्रिय कर्ब एका हंगामात वाढत नाही. त्याचा बदल दिसावयास वर्षे लागतात. म्हणूनच कोइमतूर येथे १९०९ पासून चालू असलेल्या कायमस्वरूपी खतप्रयोगाचे मोल मोठे आहे. शाळेत दरवर्षी नवा वर्ग येतो आणि जुना पुढे जातो. त्याच वाफ्याची, त्याच झाडाखालच्या मातीची, त्याच खड्ड्याच्या उष्णतेची नोंद एका तुकडीने दुसऱ्या तुकडीच्या हाती सोपवावी, यासाठी एकरांची जमीन लागत नाही. कुंपणालगतची चार हात जागा, मधल्या सुट्टीच्या डब्यांतील उरलेसुरले, आवारातला पालापाचोळा, एक तापमापक आणि एक जाड वही पुरते. शहरातील शाळेलाही ते अशक्य नाही.

हीरकमहोत्सव साजरा करणाऱ्या संस्थेपाशी साठ वर्षांच्या हजेरीपटांचा, निकालांचा आणि छायाचित्रांचा ठेवा असतो. आवारातल्या मातीची साठ वर्षांची नोंद फारच थोड्या शाळांपाशी असेल. शताब्दीला अजून चाळीस वर्षे आहेत. तोवर चाळीस तुकड्यांच्या हस्ताक्षरांतली ती वही भरू शकेल.