इस्पितळाच्या दाराशीं

मुरबाड तालुक्यांत रोगी सहसा एकटा दवाखान्यांत येत नाहीं. साप चावलेला पोर असो, अडलेली बाळंतीण असो, कीं झाडावरून पडलेला मजूर असो, त्याच्याबरोबर पाड्यावरचीं दहापंधरा माणसें येतात आणि ग्रामीण रुग्णालयाच्या ओसरीवर बसून राहतात. शहापुराकडेही हाच प्रकार. येथपर्यंत सारें शांतपणें चालतें. पण आंतून 'ह्याला पुढें न्या' असा निरोप आला कीं ओसरीवरची हवा पालटते. पुढें म्हणजे उल्हासनगर, कळवें नाहीं तर ठाणें. मुरबाडास आगगाडी नाहीं. रात्रीची वेळ, गांठीस पैसा नाहीं, आणि 'पुढें' कां, ह्याचें उत्तर देण्यास कोणास सवड नाहीं. अशा वेळीं आवाज चढतात. कोठें कोठें हातही उठतो. दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत चार ओळी छापून येतात, आणि आपण सुशिक्षित मंडळी 'काळ बिघडला' असें म्हणून पान उलटतों.

काळ बिघडला हें निदान मला पटत नाहीं. दवाखान्यावर चालून जाणारा जमाव ही आजची निपज नव्हे. सव्वाशें वर्षांपूर्वीं ह्याच मुलखाशेजारीं, मुंबई शहरांत, ह्या प्रकाराचा एक मोठा प्रसंग घडला. आणि त्याचा जो पुढचा इतिहास आहे तो डॉक्टरांनीं व रोग्यांच्या आप्तांनीं, दोघांनींही, वाचण्यासारखा आहे.

१८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगास ह्यांनीं ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे प्लेगचे, रोगी ओळखले. म्युनिसिपल कमिशनर स्नो ह्यांनीं ६ ऑक्टोबरास जाहीरनामा काढला. त्यानें रोग्यास घरांतून उचलून सक्तीनें इस्पितळांत नेण्याचा अधिकार म्युनिसिपालिटीनें आपल्या हातीं घेतला. हें इस्पितळ म्हणजे चिंचपोकळीजवळचें आर्थर रोडचें सांथीच्या रोगांचें इस्पितळ. आज त्यास कस्तुरबा रुग्णालय म्हणतात. तेथील कामाची धुरा वाहणारे डॉ. नसरवानजी होरमसजी चोक्सी हे हिंदी वैद्यकाच्या इतिहासांतील मोठें नांव आहे. पण चोक्सींची विद्वत्ता चाळींतल्या माणसास कशी दिसावी? त्यास दिसे ती एवढीच गोष्ट, कीं काल ज्यास गाडींत घालून नेलें तो परत आला नाहीं. २९ ऑक्टोबर रोजीं सुमारें हजार गिरणी कामगार ह्या इस्पितळावर चालून गेले.

ही चाल निव्वळ अडाणीपणाची होती असें त्या वेळच्या साहेबी लेखांतून सुचविलें जाई, आणि आजही कित्येकांस तसेंच वाटतें. बारकाईनें पाहतां निराळें दिसतें. सक्तीच्या भयानें घरचे लोक दुखणें लपवीत. कोणी पोटमाळ्यावर, कोणी शेजाऱ्याच्या खोलींत. लपविलेला रोगी उघडकीस येई तो अगदीं शेवटच्या घटकेस. तसाच तो इस्पितळांत जाई आणि तेथें पोंचतांच मरे. मग चाळींत पक्कें ठरे, कीं तेथें नेलें कीं माणूस मरतो. म्हणून पुढचा रोगी अधिकच लपविला जाई. हें चक्र एकदां फिरूं लागल्यावर तें थांबविणें वैद्यांच्या हातीं राहिलें नाहीं. त्यांतच कंड्या उठल्या. इस्पितळांत रोग्यांस मारून त्यांच्या देहापासून मोमिआई काढतात, असें लोक बोलत. त्याच ऑक्टोबरांत मुंबईंतील व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्यास कोणीं डांबर फासलें होतें. त्याचा सूड म्हणून राणीनें रोग्यांचीं काळजें मागविलीं आहेत, अशीही वदंता होती. (डांबर फासणारे चापेकर बंधू होते हें पुढें उघड झालें, त्यांचें नांव ह्या कथेंत पुन्हां यावयाचें आहे.) ह्या कंड्या हास्यास्पद खऱ्याच. तथापि कंडी कोठें जन्मते हें ध्यानांत घ्यावें. दाराच्या आंत काय चाललें आहे हें दाराबाहेरच्या माणसास कोणी सांगत नाहीं, तेथें ती जन्मते.

स्नोसाहेबांनीं ह्यावर काय केलें? ऑक्टोबर संपण्यापूर्वींच त्यांनीं सक्ती सैल केली. घरीं रोग्यास निराळें ठेवून उपचार होण्यासारखे असले तर त्यास नेऊं नये असें ठरविलें. ह्याबद्दल ते भ्याले अशी टीका झाली. मला तसें वाटत नाहीं. त्यांचा हिशेब सरळ होता: दहशतीनें शहरांतील झाडूवाले आणि मैला उचलणारे कामगार पळून गेले, तर प्लेगाहूनही मोठा अनर्थ ओढवेल. ज्यांच्या हातावर शहर जगतें त्यांस भिववून शहर वांचवितां येत नाहीं, हें त्या एका अंमलदारास कळलें होतें.

वरच्यांस तें कळण्यास आणखी दोन वर्षें लागलीं. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं सांथीच्या रोगांचा कायदा झाला. कायदा केवढा, तर चार कलमांचा. पण त्यानें सरकारास वाटेल तो उपाय योजण्याची मुभा दिली, आणि सद्भावनेनें काम करणाऱ्या नोकरावर फिर्याद चालणार नाहीं असें अभयही दिलें. रोग्यास किंवा त्याच्या आप्तांस मात्र कसलेंच अभय त्यांत नव्हतें. मार्चांत मुंबईचा कारभार जनरल गॅटेकर ह्यांच्या प्लेग कमिटीकडे गेला. तोंवर शहराची जवळजवळ निम्मी वस्ती पळून गेली होती, आणि पळणाऱ्यांपैकीं देशावर जाणारांची वाट कल्याणावरून होती. मुरबाडचा माणूस आज ज्या कल्याणावरून मोठ्या इस्पितळाकडे जातो, त्याच कल्याणच्या स्टेशनावर तेव्हां गाड्या थांबवून उतारूंची तपासणी होई. कांखेंत आणि जांघेंत गांठ आहे कीं काय हें पाहावयाचें; तें पाहणारा परका पुरुष, आणि आसपास सारा फलाट उभा. बायकांची ही विटंबना कुटुंबांतून कित्येक वर्षें विसरली गेली नाहीं.

पुण्याची हकीकत सर्वांस ठाऊक असल्यामुळें ती विस्तारानें सांगत नाहीं. रँडसाहेबांच्या हाताखालीं गोऱ्या शिपायांनीं घरें झडलीं, आणि २२ जून १८९७ च्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनीं त्यांच्यावर गोळी झाडली. लेफ्टनंट आयर्स्ट जागींच ठार झाले. रँड ३ जुलैस वारले. मुंबईंत ९ मार्च १८९८ रोजीं मदनपुऱ्यांतील मुसलमान विणकरांच्या वस्तींत एका आजारी मुलीस नेण्यावरून तंटा झाला आणि पाहतां पाहतां त्याची दंगल झाली. लष्कर आलें, गोळीबार झाला, माणसें मेलीं. एप्रिल १९०० मध्यें दूर कानपुरास प्लेगची छावणी जाळली गेली आणि तेथें पाहऱ्यावर असलेले शिपाई जमावानें ठार केले.

ह्या साऱ्या हकीकतींत एक गोष्ट मला अस्वस्थ करते. रँडसारखा अधिकारी एखादाच. बाकी सर्वत्र मार बसला तो हुकूम काढणारांस नव्हे, तर हुकमाप्रमाणें दाराशीं उभा असणारांस: गाडी हांकणारा, दारावरचा शिपाई, घरोघर फिरणारा शिकाऊ डॉक्टर. त्यांचा पगार थोडा, अधिकार त्याहून थोडा, आणि रोगाची भीती इतरांइतकीच. लोकांचा संताप साधार असला तरी तो ज्याच्या डोक्यांत पडतो तो बहुधा निरपराधी असतो. जमावाची कैफियत समजून घेणें म्हणजे त्याचा मार योग्य ठरविणें नव्हे. हा भेद करावयास आपण शिकलों नाहीं, म्हणून आपल्यांतला एक पक्ष 'लोक रानटी' म्हणतो आणि दुसरा 'डॉक्टर कसाई' म्हणतो.

मग पालट कशानें झाला? बंदुकीनें नव्हे. मुंबईंत पारशी, जैन, भाटिये, खोजे इत्यादि समाजांस आपापलीं प्लेगचीं इस्पितळें काढूं देण्यांत आलीं. तेथें ओळखीचा वैद्य, आपल्या हातचें अन्न, आणि उशाशीं घरचें माणूस अशी सोय असे. मग आप्त आपल्या पायांनीं रोगी घेऊन येऊं लागले. पुण्यास लोकमान्य टिळकांनीं हिंदूंसाठीं असेंच इस्पितळ चालविण्यांत पुढाकार घेतला. जातवार इस्पितळांनीं जातीची भिंत आणखी उंच केली हा आक्षेप खरा आहे, आणि ज्या जातींजवळ पैसा नव्हता त्यांचें काय, ह्या प्रश्नास तेव्हां नीट उत्तर मिळालें नाहीं. त्याचें एक उत्तर पुण्याजवळ, हडपसराकडील माळावर, डॉ. यशवंत फुले ह्यांच्या दवाखान्यांत दिसलें. सावित्रीबाई फुले स्वतः रोग्यांस तेथें आणीत. अस्पृश्य मानलेल्या वस्तींतील एका मुलास पाठीवर घेऊन आणतांना त्यांस प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजीं त्या वारल्या. त्याच महिन्यांत, त्याच पुण्यांत, शिपाई दारें ठोठावून रोगी ओढून नेत होते.

१८९८ च्या सुमारास सरकारनेंही हात आंखडता घेतला. फ्रेझर ह्यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग कमिशनापुढें साक्षी झाल्या, आणि घरझडतीनें लाभापेक्षां हानीच अधिक होते हें हळूहळू मान्य झालें. हाफकिन ह्यांची लस सक्तीनें न टोंचतां राजीखुषीनें टोंचावी हें धोरण राहिलें. विशेष गमतीची गोष्ट अशी, कीं प्लेग पसरतो तो उंदरांवरील पिसवांच्या द्वारें, हें १८९८ सालीं सिमाँ ह्या फ्रेंच संशोधकानें पुढें मांडलें आणि पुढील दहा वर्षांत मुंबईंतील संशोधनानें तें पक्कें ठरलें. म्हणजे ज्या सक्तीसाठीं एवढें रक्त सांडलें तिचा मोठा भाग वैद्यकाच्या दृष्टीनेंही चुकीच्या जागीं खर्ची पडला होता.

आजच्या डॉक्टरावर हा इतिहास जसाच्या तसा लादणें अन्यायाचें होईल. तो रोग्यास घरांतून ओढून नेत नाहीं. उलट रोगी त्याच्याकडे लोटतात, आणि त्याच्याजवळ खाटा, औषधें व माणसें अपुरीं असतात. त्याच्या रक्षणासाठीं महाराष्ट्रानें २०१० सालीं कायदा केला. दवाखान्यांतील मारहाण दखलपात्र व बिनजामिनी गुन्हा ठरली, तीन वर्षांपर्यंत कैद आणि मोडतोडीची दुप्पट भरपाई ठरली. तरी मार्च २०१७ मध्यें धुळ्यास एका निवासी डॉक्टरास अशी मारहाण झाली कीं त्याच्या डोळ्यास गंभीर इजा झाली, आणि राज्यांतील हजारों निवासी डॉक्टर कामावरून दूर राहिले. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलें. त्यानंतर मोठ्या इस्पितळांत सशस्त्र पहारा आला आणि एका रोग्यामागें दोनच आप्तांस पास देण्याची रीत पडली. पहारा हवा, ह्याविषयीं दुमत नाहीं. जो रात्रभर जागून काम करतो त्यानें जिवाच्या भीतीनें काम करूं नये. परंतु पासाच्या रीतीनें दाराबाहेर राहणारे लोक वाढले, आणि त्यांच्याशीं बोलणारा कोणी वाढला नाहीं, ही उणीव राहिलीच.

एप्रिल २०२० मध्यें करोनाच्या सांथींत केंद्र सरकारनें त्याच १८९७ च्या कायद्यास वटहुकमानें नवीं कलमें जोडलीं: आरोग्यसेवकावर हात टाकणारास तीन महिन्यांपासून पांच वर्षांपर्यंत कैद, दुखापत जबर असल्यास सात वर्षांपर्यंत. सप्टेंबरांत त्याचा कायदा झाला. सव्वाशें वर्षांपूर्वीं ज्या कायद्याच्या आधारें नोकरवर्ग लोकांच्या घरांत शिरला, त्याच कायद्यानें आतां त्या वर्गास लोकांपासून संरक्षण दिलें. त्या वर्षीं मुंबईंतील पहिल्या करोनाग्रस्तांस जेथें ठेवलें गेलें तें कस्तुरबा रुग्णालय म्हणजे पूर्वीचें आर्थर रोडचेंच. ह्या वेळीं तेथें हजार गिरणी कामगार चालून आले नाहींत. गिरण्याच उरल्या नव्हत्या. पण मृताचें तोंडही पाहूं दिलें नाहीं, ही तक्रार ठिकठिकाणीं पुन्हां ऐकूं आली.

मुरबाड-शहापुराकडे कातकरी, ठाकूर, वारली ह्यांची वस्ती मोठी आहे. त्यांची बोली रुग्णालयाच्या बोलीहून निराळी, आणि कागदावरचें मराठी तर आणखी निराळें. त्याच वस्तींतल्या आशा कार्यकर्त्या व दाई रोग्याबरोबर येतात खऱ्या, पण त्यांनीं ओसरीवर बसावें असाच रिवाज आहे. 'पुढें न्या' हा निरोप चिठ्ठीवर देण्याऐवजीं अशा एकीस आंत बोलावून, रोग्यास काय झालें, येथें काय नाहीं, वाहन केव्हां येईल आणि तेथें कोणास भेटावयाचें, एवढें सांगितलें, आणि तिनें तें बाहेर आपल्या बोलींत सांगितलें, तर त्यास पांच मिनिटें लागतील. रात्रपाळीस एकच डॉक्टर असेल तर तीं पांच मिनिटें कोठून आणावयाचीं, हा मात्र त्याचा प्रश्न खरा आहे, आणि त्याचें उत्तर ओसरीवरच्या माणसांनीं नव्हे, जिल्ह्याच्या ठिकाणीं बसून नेमणुका करणारांनीं द्यावयाचें आहे.