रंगाची साक्ष : पृष्ठभागाच्या ध्रुवीयतेच्या मापनाचा इतिहास

सोलापूर जिल्ह्याच्या आग्नेय भागातील दुधनीत मराठी व कन्नड या दोन्ही भाषा नांदतात. मराठी घरातील ‘हळद’ कन्नड घरात ‘अरिशिन’ होते. परंतु चुन्याच्या स्पर्शाने ती लाल होते, हा अनुभव दोन्ही घरांस समान आहे. सान्निध्यातील द्रव्याची वार्ता स्वतःच्या रंगाने देणाऱ्या अशा पदार्थांस रसायनशास्त्रात ‘दर्शक’ म्हणतात. घन पृष्ठभागाच्या मापनाचा इतिहास हा पुष्कळ अंशी या दर्शकांच्या साक्षीचा अर्थ लावण्याचा इतिहास होय.

१९३२ साली हॅमेट व डेरप यांनी तीव्र आम्लांचे बल दर्शकांच्या साहाय्याने मोजले. १९५० साली वॉलिंग यांनी हीच रीत घन पृष्ठभागांस लावली. मात्र हळदीप्रमाणेच येथेही रंगबदलाचे कारण प्रोटॉनची देवघेव हेच होते. ध्रुवीयता हा याहून निराळा गुण आहे. तिच्या मापनासाठी रासायनिक बदल न होता केवळ सान्निध्यामुळे रंग पालटणारे द्रव्य हवे होते. १९६३ साली मारबुर्ग येथे डिमरोथ, रायशार्ट व त्यांचे सहकारी यांनी असे रंगद्रव्य पुढे आणले. ते मिथेनॉलमध्ये लाल, इथेनॉलमध्ये जांभळे, तर ॲसिटोनमध्ये हिरवे दिसते. त्यावर आधारलेल्या मापश्रेणीत हेक्झेनचे मूल्य सुमारे ३१ व पाण्याचे ६३.१ किलोकॅलरी प्रतिमोल आहे.

सिलिकेवर मात्र एक अडचण उद्भवते. तेथील आम्लधर्मी गट या रंगद्रव्यास प्रोटॉन देतात आणि त्याचा रंगच लोपतो. साक्षीदार मूक होतो. म्हणून केम्निट्झ येथील स्पांगे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोहाच्या संयुगासह निरनिराळी रंगद्रव्ये योजून विविध सिलिकांची ध्रुवीयता तपासली.

सिलिकेच्या कणांवर बहुवारिकाचा लेप चढविला असता प्रश्न अधिक सूक्ष्म होतो. लेप विरळ असेल, तर रंगद्रव्याचे रेणू त्यातून खाली उतरून सिलिकेशीच संलग्न होतात; मग मोजलेली ध्रुवीयता लेपाची की आधाराची, हे एका रंगावरून ठरत नाही. त्यासाठी लेपरहित कणांशी तुलना, लेपाच्या प्रमाणात क्रमाने बदल आणि एकाहून अधिक रंगद्रव्यांची साक्ष आवश्यक ठरते. शब्दाचा अर्थ जसा संदर्भावाचून निश्चित होत नाही, तद्वत् दर्शकाने दिलेला अंकही तो रेणू नेमका कोठे वसला आहे हे जाणल्यावाचून पृष्ठभागाचा गुण म्हणून स्वीकारता येत नाही.