वरच्या सभागृहातली खालची खुर्ची : बुलढाणा जिल्ह्याचे लोकनियुक्त प्रतिनिधी आणि नियोजनाची मंडळे

गावाने, तालुक्याने किंवा शहराने निवडून दिलेला प्रतिनिधी आपल्या संस्थेपुरता न राहता तिच्याहून मोठ्या प्रदेशाचा विचार करणाऱ्या सरकारी मंडळावर बसतो, ही व्यवस्था आज जिल्हा नियोजन समितीच्या रूपाने परिचित असली, तरी वऱ्हाडात तिचा उगम सव्वाशे वर्षांहून अधिक जुना आहे. वऱ्हाडच्या पश्चिम टोकाला असलेल्या बुलढाणा जिल्ह्यात तिचे जवळजवळ सर्व अवतार येऊन गेले. ब्रिटिशांच्या ताब्यातील निजामी मुलूख, मध्यप्रांत व वऱ्हाड, द्विभाषिक मुंबई आणि शेवटी महाराष्ट्र अशा चार राजवटी या जिल्ह्याने पाहिल्या आणि प्रत्येक राजवटीने स्थानिक प्रतिनिधीला वरच्या मंडळात कोणती तरी जागा दिली. अध्यक्षाची खुर्ची आणि मंजुरीचा शिक्का कोणाकडे ठेवला, हे पाहिल्याखेरीज मात्र त्या जागेचे मोल कळत नाही.

१८५३च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले. पण कायद्याच्या दृष्टीने तो प्रदेश निजामाचाच राहिला. या विचित्र स्थितीमुळे ब्रिटिश हिंदुस्थानातील अधिनियम वऱ्हाडाला आपोआप लागू होत नसत आणि गव्हर्नर जनरलच्या अधिकारात त्यासाठी वेगळे कायदे काढावे लागत. लॉर्ड रिपन यांच्या १८८२च्या ठरावाने स्थानिक स्वराज्याचे धोरण जाहीर केल्यावर वऱ्हाडासाठी १८८५ साली ग्रामीण मंडळांचा आणि १८८६ साली नगरपालिकांचा स्वतंत्र कायदा झाला, तो याच कारणाने. ग्रामीण मंडळांच्या या रचनेत खाली तालुका मंडळ आणि वर जिल्हा मंडळ होते. रस्ते, विहिरी, शाळा, दवाखाने, धर्मशाळा आणि गुरांचे कोंडवाडे हे या मंडळांचे विषय होते आणि त्यांच्या उत्पन्नाचा मुख्य आधार शेतसाऱ्यावरचा उपकर हा होता. सारा बसवणारा आणि वसूल करणारा जिल्हाधिकारी, ज्याला त्या काळी वऱ्हाडात डेप्युटी कमिशनर म्हणत, तोच या मंडळांवर देखरेख करत असल्याने सभेत बोलण्याचे स्वातंत्र्य किती आणि गप्प बसण्याचा शहाणपणा किती, याचा अंदाज प्रत्येक सदस्याला असणारच.

खामगावची गोष्ट थोडी निराळी होती. जलंबहून खामगावला जाणारा रेल्वेचा फाटा १८७० साली सुरू झाला आणि कापसाच्या व्यापारात या शहराचे नाव वऱ्हाडाबाहेरही पोहोचले. १८९७ साली वऱ्हाडात कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला, जो हिंदुस्थानातील नियंत्रित बाजारपेठांच्या कायद्यांमध्ये पहिला मानला जातो. या कायद्याने प्रत्येक बाजारासाठी एक समिती ठरवून दिली आणि तिच्यात नगरपालिकेचे प्रतिनिधी व कापसाचे व्यापारी यांना स्थान दिले. तोलाई, हमाली, दलाली आणि वजनमापांची शिस्त लावण्याचे काम या समितीकडे होते आणि तिचे निर्णय शहराच्या हद्दीबाहेरच्या शेकडो गावांतून गाडी जुंपून येणाऱ्या शेतकऱ्यांना लागू होत. त्या शेतकऱ्याला मात्र समितीत जागा नव्हती, आणि शेतीविषयक शाही आयोगाने आपल्या १९२८च्या अहवालात या उणिवेवर बोट ठेवले. शहराने निवडलेला माणूस आसपासच्या खेड्यांच्या वतीने निर्णय घेतो, हा प्रकार पुढे नियोजनाच्या मंडळांत उलट्या बाजूनेही दिसणार होता.

१९०२च्या करारानंतर वऱ्हाड वार्षिक २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे आले आणि १९०३ साली मध्यप्रांताला जोडले गेले. १९०५च्या फेररचनेत अकोला जिल्ह्यातील खामगाव आणि जळगाव हे तालुके बुलढाण्याला मिळाले, त्यामुळे चिखली, मेहकर, मलकापूर, खामगाव व जळगाव असा पाच तालुक्यांचा जिल्हा तयार झाला. लोक आजही ज्याला ‘घाटावरचा’ आणि ‘घाटाखालचा’ भाग म्हणतात, ते अजिंठ्याच्या डोंगररांगेचे पठार आणि पूर्णा नदीचे काळ्या मातीचे खोरे अशा दोन प्रदेशांची मोट तेव्हा बांधली गेली. माती, पाऊस, पिके आणि सोयरीक या सगळ्यांत भेद असलेले हे दोन भाग एकाच मंडळात बसले आणि निधी घाटावर गेला की घाटाखाली, हा प्रश्न जिल्ह्याच्या सार्वजनिक जीवनात मुरला. जिल्ह्याचे मुख्यालय घाटावर आणि रेल्वे, जिनिंग कारखाने व मोठ्या बाजारपेठा घाटाखाली, या वाटणीने त्यात भरच घातली.

१९१९च्या सुधारणांनंतर वऱ्हाडातून नागपूरच्या कायदेमंडळात जाणाऱ्या प्रतिनिधींविषयीची एक तरतूद या विषयाच्या दृष्टीने मोठी सूचक आहे. वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थानाचा कायदेशीर भाग नसल्याने तेथील मतदारांनी निवडून दिलेला सदस्य तेवढ्याने सदस्य होत नसे. त्याला गव्हर्नरने औपचारिकरीत्या नामनिर्देशित करावे लागे. लोकांनी निवडायचे आणि सरकारने नेमायचे, असा हा दुहेरी संस्कार होता. तो नाव बदलून नंतरच्या मंडळांतही टिकला, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. सुधारणांनंतरच्या याच दशकात जिल्हा मंडळांच्या जागी आलेल्या जिल्हा कौन्सिलांना बिगरसरकारी अध्यक्ष मिळू लागले आणि त्या पदाचा उपयोग किती दूरवर करता येतो, हे शेजारच्या अमरावती जिल्हा कौन्सिलचे १९२८ साली अध्यक्ष झालेल्या पंजाबराव देशमुखांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्य मानलेल्या समाजाला खुल्या करून आणि शाळांवरचा खर्च वाढवून दाखवले.

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली मध्यप्रांत व वऱ्हाडात जनपद योजना आली. जनपद म्हणजे तहसिलीएवढे स्थानिक स्वराज्याचे एकक. या योजनेने जिल्हा कौन्सिल संपवली आणि प्रत्येक तहसिलीला स्वतःची जनपद सभा दिली. सभेत लोकनियुक्त सदस्य होते, पण मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची जबाबदारी सरकारी प्रांत अधिकाऱ्याकडे होती. कारभार लोकांच्या जवळ नेण्याचा हा प्रयोग कल्पनेने आकर्षक असला, तरी बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात त्याचा एक परिणाम असा झाला, की घाटावरचे आणि घाटाखालचे प्रतिनिधी ज्या एका टेबलाभोवती बसून भांडत, ते टेबलच नाहीसे झाले. भांडणही गेले आणि तडजोडही गेली.

ते टेबल १९६२ साली परत आले. वसंतराव नाईक समितीच्या १९६१च्या अहवालावरून महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा स्थापन झाल्या. नाईक स्वतः वऱ्हाडातील पुसदचे आणि तेथील नगरपालिकेचे माजी अध्यक्ष असल्याने स्थानिक संस्थांचे आतले दुखणे त्यांना ठाऊक होते. समितीने दोन धाडसी गोष्टी केल्या. जिल्हाधिकाऱ्याला परिषदेच्या बाहेर ठेवून मुख्य कार्यकारी अधिकारी हे वेगळे पद निर्माण केले, आणि आमदार-खासदारांना परिषदेचे सदस्यत्व नाकारले. पंचायत समितीचे सभापती मात्र पदसिद्ध सदस्य म्हणून, म्हणजे पदावर असल्यामुळेच, जिल्हा परिषदेत बसू लागले. तालुक्याने निवडलेला माणूस कोणाच्या नेमणुकीविना जिल्ह्याच्या निर्णयात भाग घेतो, अशी ही रचना होती. बुलढाण्याच्या स्थानिक कारभाराच्या इतिहासात प्रतिनिधीची खुर्ची सर्वांत भक्कम असण्याचा हाच काळ होता, असे मानायला जागा आहे.

आमदारांना बंद झालेले हे दार बारा वर्षांनी दुसऱ्या बाजूने उघडले. १९७४ साली राज्याने नियोजनाचे राज्यस्तर आणि जिल्हास्तर असे दोन भाग केले आणि जिल्हास्तरीय योजना ठरवण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा नियोजन व विकास परिषद नेमली. जिल्हा परिषदेच्या योजना आणि बांधकाम, पाटबंधारे, वन यांसारख्या राज्य खात्यांच्या योजना एकत्र पाहणारे असे मंडळ यापूर्वी नव्हते, त्यामुळे कल्पना योग्यच होती. पण तिचा अध्यक्ष मंत्री झाला, सचिवपदाची सूत्रे जिल्हाधिकाऱ्याकडे गेली आणि आमदार-खासदार सन्मानाने आत आले. नाईक समितीने ज्या दोघांना दूर ठेवले होते, तेच या नव्या परिषदेच्या मध्यभागी बसले आणि जिल्हा परिषदेचे पदाधिकारी आपल्याच जिल्ह्याच्या आराखड्यात अनेकांपैकी एक झाले. या परिषदेच्या इंग्रजी नावाचे ‘डीपीडीसी’ हे आद्याक्षरी रूप इतके रुळले, की संस्था जाऊन पंचवीसहून अधिक वर्षे झाली तरी बुलढाण्यात निधी आजही ‘डीपीडीसीतून’च येतो.

राज्यघटनेच्या ७४व्या दुरुस्तीने, जी १ जून १९९३ रोजी अमलात आली, अनुच्छेद २४३ झेडडी या क्रमांकाने जिल्हा नियोजन समितीला घटनात्मक आधार दिला. समितीचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिका यांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातून निवडायचे, आणि त्यांची विभागणी जिल्ह्यातील ग्रामीण व शहरी लोकसंख्येच्या प्रमाणात ठेवायची, असा तिचा गाभा आहे. महाराष्ट्राने १९९८ साली त्यासाठी अधिनियम केला. २०११च्या जनगणनेनुसार बुलढाण्याची लोकसंख्या सुमारे २५ लाख ८६ हजार आणि तिच्यात शहरी वाटा सुमारे २१ टक्के असल्याने दर पाच निर्वाचित सदस्यांत साधारण चार जिल्हा परिषदेचे आणि एक नगरपालिकांचा असा हिशेब बसतो. खामगाव, मलकापूर, चिखली, शेगाव, बुलढाणा अशा शहरांतील नगरसेवकांना मोजक्या जागांसाठी आपसात स्पर्धा करावी लागते. खामगावच्या बाजार समितीत शहर खेड्यांच्या वतीने बोलत होते. इथे पारडे खेड्यांकडे झुकले. अध्यक्षपद मात्र पालकमंत्र्याकडेच राहिले आणि सदस्य सचिवपद जिल्हाधिकाऱ्याकडे.

समितीचे काम बाहेरून वाटते तितके उत्कंठावर्धक नसते. राज्य सरकार आधी जिल्ह्याची वित्तीय मर्यादा कळवते, म्हणजे किती रकमेच्या आत आराखडा बसवायचा ते सांगते. त्या मर्यादेत सर्वसाधारण योजना, अनुसूचित जाती उपयोजना आणि जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांतील सातपुड्याच्या पायथ्याच्या वस्त्यांसाठी महत्त्वाची असलेली आदिवासी उपयोजना अशा तीन भागांत यंत्रणांची मागणी मांडली जाते आणि मर्यादेपेक्षा जास्त हवे असेल तर राज्यस्तरीय बैठकीत वित्त व नियोजन मंत्र्यांसमोर जिल्ह्याची बाजू मांडावी लागते. सभेत मागील बैठकीच्या इतिवृत्ताला, म्हणजे कामकाजाच्या नोंदीला, मान्यता दिली जाते, अनुपालन अहवाल वाचला जातो, आणि मग सदस्य शाळाखोल्या, रोहित्रे, बंधारे, आरोग्य उपकेंद्रे आणि रस्त्यांकडे वळतात. रस्त्यांचे लेखाशीर्ष ‘तीस चोपन्न’ आणि ‘पन्नास चोपन्न’ या आकड्यांनीच ओळखले जाते. पहिले देखभाल-दुरुस्तीचे, दुसरे नव्या बांधकामाचे. ज्या सदस्याला हे दोन आकडे कळले, त्याला समिती अर्धी कळली. उरलेली अर्धी फेब्रुवारी-मार्चमध्ये कळते, जेव्हा अखर्चित रक्कम एका योजनेतून दुसऱ्या योजनेकडे वळवण्याचे पुनर्विनियोजन होते.

जिल्ह्याच्या वरचे मंडळ होते ते विदर्भ वैधानिक विकास मंडळ. सप्टेंबर १९५३च्या नागपूर करारात विदर्भाला मिळालेल्या आश्वासनांना १९५६च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१(२)चे रूप दिले, पण मंडळे प्रत्यक्ष स्थापन व्हायला १९९४ उजाडले. दरम्यान वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ साली राज्याच्या सरासरीशी तुलना करून जिल्हावार अनुशेष, म्हणजे मागे राहिलेल्या विकासाची रुपयांतील मोजदाद, ३१८६.७८ कोटी काढली आणि तीत विदर्भाचा वाटा १२४६.५५ कोटी धरला. या मोजणीचे एकक जिल्हा होते. मंडळाच्या रचनेत मात्र आमदार, तज्ज्ञ आणि अधिकारी यांच्यासोबत स्थानिक संस्थांच्या प्रतिनिधीसाठी संपूर्ण विदर्भात मिळून एकच जागा ठेवली गेली, आणि तीही राज्यपालांच्या नेमणुकीने. तेव्हा विदर्भात नऊ जिल्हे होते, आता अकरा आहेत. अनुशेष जिल्ह्याजिल्ह्याने मोजायचा आणि त्याविषयी बोलणारा प्रतिनिधी मात्र प्रदेशाला एक, ही विसंगती बुलढाण्याला विशेष जाणवली असणार, कारण सिंचनाचा अनुशेष दीर्घकाळ टिकलेल्या पश्चिम विदर्भातील जिल्ह्यांत त्याचे नाव कायम राहिले. पूर्णेच्या खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यात आणि जिगाव प्रकल्पाच्या प्रतीक्षेत असलेल्या गावांना त्याचा अर्थ आकडेवारीशिवाय कळतो. मंडळाची मुदत वेळोवेळी वाढवत नेली आणि ३० एप्रिल २०२० रोजी ती संपली.

जिल्हा नियोजन समितीची गत त्यानंतर दोन वर्षांनी वेगळ्या वाटेने तशीच झाली. फेब्रुवारी २०१७ मध्ये निवडून आलेल्या बुलढाणा जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात असल्याने राज्यभर निवडणुका लांबल्या आणि परिषदेवर प्रशासक आला. जे सदस्य समितीवर आपले प्रतिनिधी निवडतात, तेच पदावर नसल्याने चार पंचमांश जागांना आधार उरला नाही. पण आराखडे थांबले नाहीत, कारण अध्यक्ष, सदस्य सचिव आणि निमंत्रित आमदार-खासदार यांच्या जागा जिल्हा परिषदेच्या मुदतीवर अवलंबून नव्हत्या. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातील नगरपरिषदांसाठी मतदान झाले, तेव्हा जिल्ह्यातील शहरांच्या सभागृहांत निवडून आलेले सदस्य पुन्हा बसू लागले. म्हणजे दर पाचांतला तो एक नगरसेवक आधी परतला.